विकतचे पिल्लू की निवाऱ्यातले कुत्रे?

सहावीला यंदा निबंधाचा विषय होता, ‘वाढदिवसाला मला काय हवे?’ वह्या तपासताना बाईंच्या लक्षात आले की सायकल आणि मोबाइल यांच्या खालोखाल मुलांना कुत्रा हवा आहे. नुसता कुत्रा नव्हे, जातीसकट. कुणाला लॅब्रॅडॉर, कुणाला शित्झू, आणि दोघातिघांना तर हस्की. एका मुलीने हस्कीच्या निळ्या डोळ्यांचे वर्णन इतके सुरेख केले होते की बाईंनी तिला साडेआठ गुण दिले आणि खाली लाल शाईने एकच प्रश्न लिहिला, ‘मे महिन्यात हा आपल्या काचीगुड्यात काय करील?’

मुलीने दुसऱ्या दिवशी उत्तर आणले, ‘बाबा म्हणतात, एसी लावू.’

त्याच आठवड्यात आपल्या शाळेच्या फाटकावरची कुत्री गाडीत घालून नेली गेली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असे आम्हा संपादक मंडळाला वाटते, म्हणून या अंकातील ही जागा आम्ही त्यासाठी घेत आहोत.

आधी फाटकावरच्या कुत्र्यांविषयी. आजी विद्यार्थ्यांना ती ठाऊकच आहेत, पण विश्वस्तांपैकी जे गाडीतून थेट आत येतात त्यांच्यासाठी सांगतो. तिघे होते. काळी ही सर्वांत जुनी, सात-आठ वर्षांची. तांबू हा तिच्यामागून आलेला. आणि तिसरा, प्रार्थनेच्या वेळी मैदानाला एक फेरी मारून सर्व रांगा पाहून जाणारा, म्हणून मुलांनी त्याचे नाव ठेवले होते ‘हेडमास्तर’. खऱ्या मुख्याध्यापकांनी हे नाव खेळीमेळीने घेतले, त्याबद्दल त्यांचे आभार. आमचे वॉचमनमामा रोज संध्याकाळी चहाबरोबर आपली उस्मानिया बिस्किटे तिघांत वाटून टाकत. बिस्किटे कुत्र्याला चांगली नाहीत हे आता आम्हाला कळले आहे, पण मामांचा हात त्यांच्या डोक्यावरून फिरे तो चांगला होता, याविषयी दुमत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी आदेश दिला. शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वे स्थानके यांच्या आवारातील भटकी कुत्री उचलावीत, त्यांची नसबंदी व लसीकरण करावे, त्यांना निवाऱ्यात ठेवावे आणि पुन्हा त्याच जागी सोडू नये. त्यानुसार आपल्याकडेही पाहणी झाली, अर्ज-कागद झाले आणि एके सकाळी गाडी आली. काळी चढेना, तेव्हा मामांनीच तिला उचलून आत ठेवले. चौथीच्या वर्गात त्या दिवशी कविता पाठ झाली नाही.

काही पालकांनी आमच्याकडे नाराजी व्यक्त केली, तर काहींनी ‘एकदाची गेली’ म्हणून समाधान मानले. या दुसऱ्या पालकांना निर्दय म्हणायला आम्ही तयार नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये अंबरपेठेत चार वर्षांच्या एका मुलावर भटक्या कुत्र्यांनी हल्ला केला आणि ते बाळ दगावले. अंबरपेठ इथून किती लांब? आपल्या शाळेत तिथली मुले रोज येतात. त्या दिवसानंतर कित्येक आयांनी मुलांना रिक्षा लावली, आणि ती अजून सुटलेली नाही. ज्या आईच्या डोळ्यांपुढे ते दृश्य आहे तिला भूतदयेवर प्रवचन देणे आम्हाला शोभणार नाही. रेबीज एकदा प्रकट झाला की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि जगात माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्के तो कुत्र्याकडून येतो. भीती खरी आहे.

पण गाडी गेली म्हणजे प्रश्न गेला असे नाही, तो फक्त आपल्या फाटकावरून उठून दुसरीकडे बसला. तो कुठे बसला हे पाहावे म्हणून मंडळातील आम्ही तिघे आणि वॉचमनमामा एका रविवारी शहराबाहेरच्या त्या निवाऱ्यात गेलो.

निवारा म्हणजे ज्याला आता सगळेच शेल्टर म्हणतात ते. पत्र्याचे छप्पर, जाळीची दारे, ओळीने खोल्या, फिनेलचा वास आणि आवाज. आवाजाची कल्पना तिथे गेल्याशिवाय येत नाही. एक कुत्रे भुंकले की सगळी रांग भुंकते, ती थांबेपर्यंत दुसऱ्या टोकाला सुरू होते. काम करणारी माणसे थोडी होती आणि सकाळपासून उभी होती. त्यांच्याबद्दल आमची काही तक्रार नाही. एका मोठ्या पातेल्यात भात, हळद आणि कोंबडीचे तुकडे शिजत होते. एक मुलगा, आपल्या दहावीच्या मुलांएवढाच असेल, प्रत्येक थाळीत सारखे पडेल याची काळजी घेत वाढत होता.

आमचा समज असा की इथे सगळी रस्त्यावरची कुत्री असतील. तसे नव्हते. तिसऱ्या खोलीत एक पिवळसर लॅब्रॅडॉर होता, वजन भलतेच वाढलेले, मागचे पाय धरलेले. मालकांना परदेशी नोकरी लागली, ते त्याला दाराशी बांधून गेले. त्याच्या पलीकडे दोन पग. २००३ साली हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एक पग एका लहान मुलाच्या मागे मागे फिरताना दिसला आणि घरोघरी पगची हौस सुरू झाली, हे आमच्या वयाच्या पालकांना आठवत असेल. जाहिरातीत जे सांगितले नव्हते ते असे की चपट्या नाकाच्या या जातीला श्वास घेणेच कष्टाचे असते आणि उन्हाळा तर फारच बाधतो. हौस संपली, पगचा घोरण्याचा आवाज आणि डॉक्टरची बिले राहिली. आणि हो, एक हस्कीही होता. निळ्या डोळ्यांचा. अंगावरचे दुहेरी केस जागोजागी गेलेले, सिमेंटच्या जमिनीवर पोट टेकून पडलेला. सैबेरियातील बर्फात गाडी ओढण्यासाठी माणसाने पिढ्यान्‌पिढ्या घडवलेला तो जीव बेचाळीस अंशांच्या गावात आणण्याचे पाप ज्या कुणाचे असेल, तो त्या वेळी आपल्या मुलीचा लाडका बाबाच असणार. म्हणून सहावीतल्या त्या मुलीच्या बाबांना आमची हात जोडून विनंती आहे की एसी लावू नका, हस्की आणू नका.

काळी सहाव्या खोलीत सापडली. मामांचा आवाज ऐकून उठली, जाळीशी आली आणि बसून राहिली. शेपटी हलवली, भुंकली नाही. मामा तेलुगूत तिच्याशी काय बोलले ते आम्ही विचारले नाही.

आमचे म्हणणे आता स्पष्ट करतो. आपल्या शाळेच्या कुटुंबांपैकी ज्यांना कुत्रा पाळायचाच आहे त्यांनी तो विकत न घेता निवाऱ्यातून आणावा, आणि शक्यतो पिल्लू न आणता मोठे कुत्रे आणावे. हे आम्ही केवळ दयेपोटी सांगत नाही. दया हे कारण चार दिवस टिकते, पुढची बारा वर्षे सोयीने काढावी लागतात. सोयीच्या दृष्टीनेही आमचे म्हणणे खरे आहे असे आम्हाला वाटते.

पिल्लू म्हणजे काय ते ज्यांनी पाळले त्यांना विचारा. दीड-दोन महिन्यांपासून लसींचे डोस सुरू होतात ते तीन-चार आठवड्यांच्या अंतराने चार महिन्यांचे होईपर्यंत चालतात. तोवर त्याला रस्त्यावर नेता येत नाही, कारण पार्व्हो आणि डिस्टेंपर हे दोन रोग पिल्लांना पटकन गाठतात आणि पार्व्होने दोन दिवसांत खेळ आटोपतो. तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस. दर दोन तासांनी बाहेर न्यावे लागते, रात्रीसुद्धा. दात येतात तेव्हा चपला, वायरी, खुर्चीचे पाय आणि गृहपाठाची वही यांत ते भेद करत नाही. (‘कुत्र्याने वही खाल्ली’ ही सबब आठवीच्या एका विद्यार्थ्याने गेल्या वर्षी दिली. चौकशीअंती ती खरी निघाली.) शिवाय दुकानातून आणलेले गोंडस पिल्लू मोठे होऊन कसे निघेल, किती भुंकेल, मुलांवर गुरगुरेल का, हे तेव्हा कुणीच सांगू शकत नाही. दोन महिन्यांच्या आतले पिल्लू विकायला २०१७ च्या नियमांनी बंदी आहे, तरीही आईपासून लवकर तोडलेली पिल्ले पिशवीतून विकली जातात, आणि अशी पिल्ले पुढे भित्री किंवा चावरी होण्याचा संभव जास्त.

मोठ्या कुत्र्याचे तसे नसते. तीन-चार वर्षांच्या कुत्र्याचा आकार जेवढा व्हायचा तेवढा झालेला असतो, स्वभावही ठरलेला असतो. निवाऱ्यातली माणसे त्याला महिनोन्‌महिने पाहत असतात. हा मुलांत रमतो, हिला मांजर चालत नाही, हा एकटा राहिला की रडतो, हे ती आपणहून सांगतात. बहुतेकांची नसबंदी व लसीकरण झालेले असते. काळीच्या कानाच्या टोकाला जी छोटी खाच आहे ती त्याचीच खूण. पाचवीतल्या एका मुलाने ‘काळीचा कान कुणीतरी कापला, त्याला शिक्षा करा’ अशी चिठ्ठी तक्रारपेटीत टाकली होती. बाळ, तुझी चिठ्ठी आम्ही जपून ठेवली आहे. भूल देऊन नसबंदी करतात त्याच वेळी ही खाच पाडतात, म्हणजे तेच कुत्रे पुन्हा पकडून पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाऊ नये.

आता देशी कुत्र्याविषयी. आपल्याकडे ‘गावठी’ हा शब्द भाजीला, कोंबडीला आणि अंड्याला लावला की भाव वाढतो, कुत्र्याला लावला की उतरतो. हे आम्हाला कधी उमगलेले नाही. या उन्हात, या पावसात, या धुळीत हजारो वर्षे टिकून राहिलेला हा प्राणी. आखूड केस, हलके अंग, काटक पोट. चपट्या नाकाचा त्रास नाही, बारा-पंधरा वर्षे सहज जगतो. देशी म्हटले की काही हौशी मंडळी लगेच मुधोळचे नाव काढतात. घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानात वाढलेली ती शिकारी जात खरोखरच देखणी आहे, २००५ साली तिच्यावर टपाल तिकीटही निघाले. पण ती मोकळ्या माळावर ससा धरण्यासाठी धावणारी जात. तिला बरकतपुऱ्याच्या दुसऱ्या मजल्यावर बांधून ठेवणे म्हणजे हस्कीचीच चूक देशी भाषेत करणे.

इथे आमच्या मंडळातील एका सदस्याचे मतभेद नोंदवणे योग्य होईल. त्यांचे म्हणणे असे की शाळेने मुलांना रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या जवळ जाण्याचे धडे देऊ नयेत, एक मूल चावले गेले तर हा लेख कुणाच्या उपयोगी पडणार? आम्ही बराच वेळ वाद घातला. शेवटी दोन गोष्टी मान्य झाल्या. ज्या कुत्र्याने पूर्वी कुणाला चावल्याची नोंद आहे ते लहान मुलांच्या घरी जाऊ नये, आणि हा प्रश्न पालकांनी निवाऱ्यात तोंडाने विचारावा, लाजू नये. दुसरे, मुलांना आधी लांब राहायला शिकवावे आणि मग जवळ जायला. म्हणून मुलांनो, हे तुमच्यासाठी. अनोळखी कुत्र्याला हात लावायचा नाही. जेवणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्ले जवळ असलेल्या कुत्र्याच्या जवळ जायचे नाही, मग ती काळी का असेना. कुत्रा अंगावर आला तर पळायचे नाही, झाडासारखे उभे राहायचे, हात अंगाशी, नजर जमिनीवर. चावला किंवा नुसते नखाने ओरखडले तरी घरी लपवायचे नाही. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची. घड्याळ लावून पंधरा. मिरची, चुना, हळद, तेल यांतले काही लावायचे नाही, आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचे. आपल्याला नारायणगुड्याची इन्स्टिट्यूट ऑफ प्रिव्हेंटिव्ह मेडिसिन जवळ आहे, तिथे ही लस देतात. इंजेक्शने पूर्वीसारखी पोटात चौदा नसतात. दंडात असतात, आणि पूर्ण घ्यायची असतात. न्यायालयाच्या त्या आदेशातही शाळांनी मुलांना हे समजावून सांगावे असे म्हटलेले आहे, तेव्हा या परिच्छेदाची परवानगी आम्ही कुणाकडे मागितलेली नाही.

आता घरातल्या अडचणी. आपल्या बहुतेक घरांत आजी असतात आणि आजींचे देवघर असते. कुत्रा घरात म्हटले की पहिला विरोध तिथून येतो. हा विरोध हसण्यावारी नेऊ नये, कारण पुढे दुपारभर घरी आजीच असणार आणि कुत्रा तिच्याच वाट्याला येणार. आजींनाही आमचे एक सांगणे आहे. आपल्या दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री आहेत, खंडोबाबरोबर कुत्रा आहे, युधिष्ठिराने कुत्र्यासाठी स्वर्गाचे दार नाकारले, आणि पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव तर आपल्या घरचेच. ही कुत्री तसबिरीत चालतात, ओसरीत का चालू नयेत? सोवळे सांभाळायचे असेल तर स्वयंपाकघराच्या दाराला गुडघाभर फळी लावा. कुत्रे हद्द फार लवकर शिकते, नातवंडांपेक्षा लवकर.

आपल्याच शाळेतील एका कुटुंबाचे उदाहरण देतो, त्यांच्या परवानगीने आणि नाव न घेता. वडील बँकेत, आई घरी शिकवण्या घेते, मुलगा सातवीत, मुलगी तिसरीत, आणि आजी. नल्लकुंट्याला दोन खोल्या आणि मागे थोडे अंगण. दीड वर्षापूर्वी त्यांनी निवाऱ्यातून चार वर्षांची एक तीन पायांची देशी कुत्री आणली. पाय स्कूटरखाली गेला होता. आजीने दोन दिवस अबोला धरला. कुत्री आल्या आल्या दिवाणाखाली शिरली ती बाहेर येईना. खाईना. मुलगी रडू लागली, ‘तिला आपण आवडलो नाही.’ निवाऱ्यातल्या माणसांचा एक ठोकताळा आहे, तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने. तीन दिवस ते घाबरलेले असते, तीन आठवड्यांत घराची वेळ त्याला कळते, तीन महिन्यांत ते त्या घराचे होते. या घरात तिसऱ्या रात्री आजी पाणी प्यायला उठली, तेव्हा कुत्री दिवाणाखालून बाहेर येऊन तिच्या मागे स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि फळीशी थांबली. आजीने दहीभात कालवून बशीत ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी घरात कुणी विचारले तर म्हणाली, ‘उरला होता.’ पुढे तो रोजच उरू लागला. मात्र सारे गोड झाले असेही नाही. पहिल्या दिवाळीत फटाक्यांनी ती इतकी भेदरली की तिने दाराची कडी खरवडून पंज्याची नखे रक्तबंबाळ करून घेतली. गोचिडांचा ताप आला, आठ दिवस सलाइन लागले, आणि त्या महिन्यात मुलाची सहल रद्द झाली. मुलगा त्याबद्दल अजून बोलतो. घरच्यांनी ही हकीकत आम्हाला सांगितली तेव्हा सहलीचा भाग त्यानेच जोडला.

दुसरे एक कुटुंब असे की त्यांनी हौसेने कुत्रा नेला आणि विसाव्या दिवशी परत केला. सहामाही परीक्षा, घरमालकाची कटकट, आणि फिरवायला कोण नेणार यावरून रोज भांडण. त्यांनी परत नेऊन दिला, रस्त्यावर सोडला नाही, एवढा प्रामाणिकपणा त्यांच्याकडे होता. पाळलेले जनावर टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला तेव्हा कमाल दंड ठरला तो ५० रुपये, आणि पुढे कित्येक दशके तो तेवढाच राहिला. पन्नास रुपयांत आता चांगला डोसाही मिळत नाही. तेव्हा कायद्याच्या धाकाने कुणी सुधारेल ही आशा नको. पण परत आलेले कुत्रे निवाऱ्यात कसे बसते हे आम्ही त्या रविवारी पाहिले. भिंतीकडे तोंड करून.

म्हणून कुणी कुत्रा आणू नये हेही सांगतो. ज्यांच्या घरी सकाळी आठ ते रात्री आठ कुणी नसते त्यांनी आणू नये. ज्यांची दर दोन वर्षांनी बदली होते त्यांनी आणू नये. ज्यांना मूल हट्ट करते म्हणून आणायचा आहे त्यांनी तर मुळीच नको. मूल सहावीत आहे, कुत्रा जगेल तोवर ते नोकरीला लागलेले असेल. ‘मी रोज फिरवीन’ हे वचन मुले मनापासून देतात आणि पहिल्या घटक चाचणीपर्यंत पाळतात. कुत्रा आईवडिलांचा असतो, हे मान्य असेल तरच पुढे जावे. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी घरमालकाला आधी विचारावे, मागाहून पटवू असे ठरवू नये. खर्चही धरावा. वर्षाला रेबीजची आणि इतर लस, दर तीन महिन्यांनी जंताचे औषध, गोचिडांचे औषध, पालिकेचा परवाना, आणि रोजचे खाणे. आपल्या घरातले उरलेले चालेल का असे पालक विचारतात. भात, भाकरी, उकडलेले अंडे चालते. कांदा-लसूण चालत नाही, म्हणजे आपली आमटी, रस्सा, पिठले सगळे बाद. द्राक्षे, मनुका आणि चॉकलेटही नाही. शिजवलेले हाड तर कधीच नाही, ते फुटून आतड्यात रुतते.

आपल्या शहरात कुत्रे दत्तक घेण्याची सोय पूर्वीपासून आहे. अमला अक्किनेनी यांनी १९९२ मध्ये सुरू केलेली ब्लू क्रॉस ऑफ हैदराबाद ही संस्था ज्युबिली हिल्सवर आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये महापालिकेने बंजारा हिल्सच्या जलगम वेंगळराव उद्यानात देशी पिल्लांचा दत्तक मेळावा भरवला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशातही म्हटले होते की ज्यांना रस्त्यावरचे कुत्रे घरी न्यायचे आहे त्यांनी पालिकेकडे अर्ज करावा, आणि नेलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी त्यांची. निवाऱ्यात आत येण्याचे दार मोठे आहे, रोज गाड्या येतात. बाहेर जाण्याचे दार म्हणजे आपल्यासारखी घरे. ती उघडली नाहीत तर पत्र्याखालची ती रांग वाढतच जाणार, आणि जागा संपली की काय होणार याचा विचार आम्हाला करवत नाही.

विश्वस्त मंडळाकडे आमची मागणी आहे. शाळेच्या आवारातून तीन कुत्री गेली, ती न्यायालयाच्या आदेशाने गेली, आणि त्या आदेशाविरुद्ध आम्ही काही म्हणत नाही. पण ती सात वर्षे आपल्या फाटकावर होती. रात्री वर्गखोल्यांतले पंखे चोरायला आलेल्यांना हाकलले त्या वेळी ती कुणाची होती हे आपण विचारले नव्हते. तेव्हा ज्या कुटुंबांना ती न्यायची असतील त्यांच्या पहिल्या वर्षाच्या लसी आणि परवान्याचा खर्च शाळेने करावा. स्नेहसंमेलनाच्या मंडपावरील झालरीपेक्षा तो कमी येईल, आम्ही हिशेब मांडून पाहिला आहे आणि मागतील त्यांना दाखवू. दुसरी मागणी पालक-शिक्षक संघाकडे: जूनमध्ये नवीन पालकांची सभा असते तिला एका पशुवैद्यकांना बोलवावे आणि त्यांना दहा मिनिटे न देता तासभर द्यावा.

तांबूला घर मिळाले आहे. सुलतान बाजारातील आपले एक माजी विद्यार्थी, ज्यांचे कापडाचे दुकान आहे, त्यांनी गेल्या आठवड्यात त्याला नेले. तो दुकानाच्या गल्ल्याखाली झोपतो आणि गिऱ्हाइकांना हरकत घेत नाही असे कळते. हेडमास्तरांसाठी दोन घरांकडून विचारणा आहे. त्यातल्या एका घरी मांजर आहे, त्यामुळे निर्णय व्हायचा आहे.

काळीला अजून कुणी विचारलेले नाही. ती काळी आहे, वयस्क आहे, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरू लागला आहे. वॉचमनमामा तिला नेण्यास तयार आहेत, पण ते शाळेच्याच खोलीत राहतात आणि शाळेच्या आवारात ती परत येऊ शकत नाही. चावत नाही, मांजर चालते, मुले चालतात, फटाके चालत नाहीत. जिना फार चढवत नाही, तेव्हा तळमजला असलेला बरा. ज्यांना तिला पाहायचे असेल त्यांनी शनिवारी दुपारपर्यंत कार्यालयात नाव द्यावे. रविवारी सकाळी सात वाजता शाळेच्या फाटकापासून निघू, मामाही बरोबर येतील. घरातल्या सर्वांनी यावे, विशेषतः आजींनी. बिस्किटे आणू नयेत, जुनी चादर आणली तर चालेल.